दीड दिवसाचं काळीज

भिंगारदिवे मंडळी चहाला येणार त्या दिवशी गिदोन ओहोळने सकाळीच घरात हुकूम सोडला. काळजाचं नाव कुणी काढायचं नाही.

"हृदयबी म्हनायचं न्हाई," त्याने खुलासा केला. "इंग्लिशमदी हार्टबी न्हाई. पाऊसपान्यावर बोला. मोसंबीवर बोला. दानीचा विषय निघालाच तर 'प्रभूची इच्छा' म्हनायचं आन् चिवड्याची बशी पुढं सरकवायची."

हुकूम सोडणं गिदोनला छान जमे. साखर कारखान्याच्या कामगार पतपेढीचा तो चेअरमन होता, आणि नसता तरी त्याने हुकूम सोडलेच असते. थोरले बंधू यशया मास्तर शाळेतून निवृत्त झाले त्या दिवसापासून या घराचा कारभार आपल्याकडे आला, असं त्याने धरूनच टाकलं होतं. मास्तरांनी त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. मास्तरांनी उभ्या जन्मात नाही म्हटलं ते फक्त वर्गातल्या पोरांना, आणि तेही हातात छडी असताना.

या हुकमामागे कारण होतं आणि ते सगळ्या श्रीरामपूरला ठाऊक होतं. मास्तरांचा थोरला मुलगा दानीएल अमेरिकेत शिकायला गेलेला. नाताळ उलटल्यावर तिकडे बर्फाच्या रस्त्यात त्याला मोटारीने उडवलं. डोकं फुटलं, मेंदू संपला, बाकीचा देह यंत्रावर श्वास घेत राहिला. त्याच हॉस्पिटलात त्याचा दोस्त, संगमनेरचा डॉक्टर राधाकृष्ण, पुढचं शिक्षण घेत होता. त्याने कारखान्यात ट्रंक कॉल लावला आणि घसा फाटेस्तोवर ओरडून विचारलं, की दानीचं हृदय इथल्या एका मरायला टेकलेल्या माणसाच्या छातीत बसवता येईल, देऊ का? मास्तरांना मळ्यातून सायकलवर डबलसीट आणलं. ते फोनमध्ये "द्या" म्हणाले, पण रिसीव्हर उलटा धरला होता. तो सरळ करून त्यांना तोच शब्द पुन्हा म्हणावा लागला. घरी येऊन त्यांनी मरियाबाईंना सांगितलं, तेव्हा बाईंना विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉल आला की हृदय बसवलं आणि ते चालतंय. झालं. ज्या घरात रडारड चालली होती त्याच घरात गिदोन हार घेऊन शिरला. चौकातल्या फळ्यावर रंगीत खडूने लिहून घेतलं, 'ओहोळ घराण्याचे काळीज अमेरिकेत!' आणि संध्याकाळी चर्चच्या आवारात मास्तरांचा शाल-नारळ देऊन सत्कार ठेवला. सत्कार ऐन रंगात असताना कारखान्याचा वॉचमन मांडवात शिरला आणि त्याने गिदोनच्या कानात तिसऱ्या कॉलचा निरोप सांगितला. डॉक्टर 'ग्राफ्ट फेल' म्हणाले होते. फोनवर बसणारा गडी मोसंबीवाल्याच्या घरचा. त्याने 'ग्राफ्ट'चं जे मराठी त्याला ठाऊक होतं तेच केलं होतं. "साहेब, कलम मेलं."

गिदोनने मान डोलावली, तो माइकपुढे गेला आणि तरीही अर्धा तास बोलला.

बातमी काही झाकून राहिली नाही. गावाने जीभ सैल सोडली. गणपती दीड दिवसाचा असतो, गौरी तीन दिवसांच्या, आणि ओहोळांचं काळीज दीड दिवसाचं. पानाच्या ठेल्यावर कुणी धापा टाकत आला की लोक विचारत, "काय, ओहोळाचं बसवलं का रं?" यावर गिदोनने तोडगा काढला. गोऱ्या शरीराने काळ्या माणसाचं काळीज मुद्दाम नाकारलं, हा सरळ सरळ वर्णद्वेष आहे, असं तो जाईल तिथे सांगू लागला, आणि पतपेढीच्या सभेत त्याने तसा निषेधाचा ठरावही मांडला. तो एकमताने मंजूर झाला.

भिंगारदिव्यांचं मात्र ठरावाने भागणार नव्हतं. त्यांचा अमोस आणि मास्तरांची लिडिया यांचं लग्न जवळजवळ पक्कं होतं. सुपारी तेवढी राहिली होती. मुलीच्या भावाचं हृदय दीड दिवसात बंद पडलं हे नगरला त्यांच्या कानावर गेलं, आणि 'सहज भेटायला येतो' असा त्यांचा निरोप आला. सहज भेटायला कुणी नगरहून येत नाही, एवढं घरात सगळ्यांना कळत होतं.

---

मरियाबाई चुलीपुढे शिऱ्यासाठी रवा भाजत होत्या. बाहेर पडवीत त्यांची नणंद रतनबाई आणि त्यांचा स्वतःचा भाऊ भिमाजी लसूण सोलायला म्हणून बसले होते. लसूण तसाच राहिला होता.

"मी काय म्हनते, भिमाजी," रतनबाई म्हणाल्या, "डोळा आमच्या झाडाचा व्हता, त्यात काय खोट न्हाई. पन खुंट कुनाचा व्हता?"

मोसंबीच्या मुलखात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जंबेरी लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात. कलम मेलं की मालक म्हणतो डोळा सडका होता आणि डोळा देणारा म्हणतो तुमचा खुंट रोगट होता. गेला महिनाभर घरात हेच चाललं होतं. डोळा म्हणजे बाप, खुंट म्हणजे आई.

"आक्का, नीट बोला," भिमाजी म्हणाला. "आमचा बाप म्हातारपनी मोट हाकीत व्हता. मोट. तुमचा आजा भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या जागी गेला, आख्ख्या गावानं बघितलंय."

"त्याला ठसका लागला व्हता."

"ठसका कशानं लागतो? आतनं ढिलं असलं म्हंजे लागतो."

"आन् तुझ्या चुलत्याची छाती दुखायची ती?"

"ते बिडीनं."

"व्हय का. तुमच्यात बिडीनं, आमच्यात खोटीनं." रतनबाईंनी आवाज खाली आणला. "मला तर निराळाच घोर लागलाय बघ. नर्सरीवाल्याकडनं आनलेलं कलम मेलं तर तो बदली देतो का न्हाई? रिवाजच हाय. आता त्या गोऱ्याच्या घरच्यांनी बदली मागितलं तर?"

भिमाजीने यावर खरंच विचार केला. "मेलेल्या कलमाला बदली एकाच वर्सात मागायची असती," तो म्हणाला. "वरीस काढलं म्हंजे सुटलो."

मरियाबाईंनी कढईत पाणी ओतलं. चर्र आवाज झाला आणि बाहेरचं बोलणं थोडा वेळ ऐकू आलं नाही, तेवढंच बरं वाटलं. महिनाभर हे लोक त्यांच्या लेकराची वाटणी करत होते. हा भाग तुमचा, हा आमचा. दानी लहानपणी कसा होता, झोपेत कसा हसायचा, त्याला शिऱ्यात बेदाणे चालायचे नाहीत, यातलं कुणी काही विचारत नव्हतं. मातीही तिकडेच दिली. त्यातही एका कबरीत दानी आणि दुसऱ्या कबरीत त्याचं काळीज, कुण्या अनोळखी माणसाच्या छातीत. रात्री प्रार्थनेला बसलं की कोणत्या कबरीकडे तोंड करावं हेच त्यांना समजत नसे. हे त्यांनी एकदा मास्तरांना बोलून दाखवलं. मास्तर म्हणाले, "अमेरिका पश्चिमेला आहे." तेव्हापासून त्या कुणाला काही बोलल्या नव्हत्या.

शिऱ्यात त्यांनी बेदाणे घातले नाहीत.

---

भिंगारदिवे टांग्यातून उतरले. पुढे थोमाजी, रेल्वेतले रिटायर हेडक्लार्क आणि चर्चच्या मंडळीचे पंच; मागे त्यांच्या पत्नी कडूबाई, अंगाने भरलेल्या, पायरी चढतानाच दम लागलेल्या; त्यांच्या मागे अमोस, हायस्कुलात मास्तर, हार्मोनियम सुरेख वाजवणारा, आईच्या पर्समागे चालणारा.

लिडियाने दारातून त्याच्याकडे पाहिलं. गेल्या नाताळात गायनमंडळात तो हार्मोनियमवर होता आणि ती पहिल्या ओळीत. तिचा सूर चढला तर तो खालून भाता जोरात मारायचा, म्हणजे कुणाच्या लक्षात येत नसे. एवढ्यावर तिने होकार दिला होता. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिने इतके पुरुष पाहिले होते की दुसऱ्याची चूक झाकून घेणारा माणूस तिला दुर्मीळ वाटला. आज त्याने एक शब्द बोलावा, एवढंच तिला हवं होतं. आईच्या आधी, किंवा नंतर, पण स्वतःचा.

"सलाम, सलाम," थोमाजी म्हणाले. "आपल्याला भेटून अगदी हृदय..." ते थांबले, खाकरले. "अगदी आनंद झाला."

"बसा ना," मास्तर म्हणाले. "प्रवासात त्रास नाही ना झाला? आम्हाला काळजी..." गिदोनने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की मास्तरांनी तो शब्द अर्ध्यात गिळला. काळजी आणि काळीज यांतलं अंतर त्यांनी तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं, पण आज त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता.

मग पाऊसपाण्यावर बोलणं झालं. मागच्या वर्षी पाऊस नव्हता, या वर्षीचीही खात्री नव्हती, म्हणून तो विषय लवकर आटला. मोसंबीवर बोलणं झालं. बहार बरा धरलाय, मास्तर म्हणाले, आणि वाऱ्याबरोबर फुलांचा वास खरोखर आत येत होता. नवी लागवड केली का, थोमाजींनी विचारलं.

"केली की. बरीचशी कलमं..." भिमाजी बोलता बोलता गप्प झाला. मोसंबीचा विषयही तिथेच संपला.

सगळे चिवडा चावत बसले. एवढी शांतता भिमाजीला सोसवली नाही. भाचीचं कौतुक करावं म्हणून तो कडूबाईंकडे वळला.

"लिडिया म्हंजे बाई आमच्या काळजाचा तुकडा हाय."

गिदोनने डोळे मिटून घेतले.

"तेच इचारायचं व्हतं," कडूबाई म्हणाल्या आणि बशी खाली ठेवली. त्या जणू वाटच पाहत होत्या. "पोरीत काय न्हाई हो. पोर सोन्यासारखी. पर जग वाईट. लोक म्हनत्यात, भावाचं तसलं तर बहिनीचं कसलं? एकाच वेलीची फळं."

"तो वर्णद्वेष होता," गिदोन म्हणाला. "आम्ही ठराव केलाय."

"असंल. आमी कुठं न्हाई म्हनतो. फक्त एक कार्डिओग्राम काढू. पुन्याला. आमी सोता घेऊन जातो. चांगला निघाला तर लगेच सुपारी फोडू."

"आन् वाईट निघाला तर?" रतनबाईंनी विचारलं.

"प्रभूची इच्छा," थोमाजी म्हणाले आणि चिवड्याची बशी पुढे सरकवली. गिदोनने सकाळी शिकवलेली युक्ती पाहुण्यांना घरूनच येत होती.

गिदोनने मनात पटकन हिशेब केला. थोमाजी पंच. पुढच्या खेपेला गिदोनलाही पंच व्हायचं होतं. "त्यात काय, काढू की," तो म्हणाला. "कार्डिओग्राम काय, आपन एक्सरेबी काढू."

"मोटारीचं बॉनेट उघडून दाखवतोस का पोरगी देतोस, गिदोन?" रतनबाई म्हणाल्या.

सगळा महिना मरियाबाईंच्या माहेरच्या खुंटाला बोल लावणारी ही बाई आता पदर खोचून उभी होती. भिमाजी उठून तिच्या शेजारी जाऊन बसला. "आक्का म्हनत्यात ते खरं हाय," तो म्हणाला. परका माणूस आपल्या झाडाला हात लावायला लागला की डोळा आणि खुंट एक होतात.

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी "मास्तर?" अशी हाक मारली.

---

आलेला माणूस डॉक्टर राधाकृष्ण होता. पंधरवड्याच्या रजेवर संगमनेरला आला होता. एसटीतून उतरून थेट चालत आला होता आणि हातात दानीचं घड्याळ आणि काही कपडे असलेली बॅग होती. एवढी माणसं पाहून तो बावरला. मास्तरांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि ते तसेच धरून ठेवले.

"देवानं धाडलं तुमाला," गिदोन म्हणाला. "ह्या पाहुन्यांना सांगा. गोऱ्या शरीरानं नाकारलं ना?"

"नाही," राधाकृष्ण म्हणाला. "नाकारायला वेळच कुठे मिळाला? शरीर परक्या अवयवाला नाकारतं ते पुढे, काही दिवसांनी. हे त्याच्या आधीच झालं. पहिल्याच रात्रीपासून."

गिदोनच्या डोळ्यांपुढून तो एकमताने मंजूर झालेला ठराव गेला.

"म्हंजे काळीज सडकं व्हतं," कडूबाई म्हणाल्या.

"छे. उत्तम होतं. तरुण, निरोगी. आमच्या सर्जननी हातात घेतलं आणि म्हणाले, असं हृदय रोज मिळत नाही." तो थांबला. या लोकांना कसं सांगावं, ते त्याला सुचेना. "ज्याला बसवलं तो माणूस कित्येक वर्षं आजारी होता. त्याच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळून बसल्या होत्या. तिथे रक्त ढकलायचं म्हणजे भयंकर दाब. त्याचं जुनं हृदय हळूहळू त्या दाबाला सरावलं होतं. खराब झालं, पण सरावलं. दानीच्या हृदयाला त्याची सवयच नव्हती. बसवल्या बसवल्या पूर्ण दाब आला. उजवी बाजू ढकलत राहिली, ढकलत राहिली, फुगत गेली. दुसऱ्या दिवशी थांबली."

"तो दाब आधी मोजला नव्हता का?" हे लिडियाने विचारलं. ती आतल्या दाराशी उभी होती.

"मोजला होता." राधाकृष्णने मान खाली घातली. "जास्त आला होता. निभेल असं वाटलं. माणूस मरत होता, सगळ्यांना घाई होती, मलाही."

मग कडूबाईंनी सुस्कारा सोडला.

"काय असंल ते असंल. शेवटी कमीच पडलं की."

मरियाबाई शिऱ्याचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आल्या होत्या. हे ऐकून त्या तिथेच थांबल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे फक्त लिडियाचं लक्ष गेलं.

"डॉक्टर," लिडिया म्हणाली, "त्या माणसाच्या घरचं कुणी भेटलं का? काही म्हणालं का ते, काळजाबद्दल?"

"त्याची बायको भेटली. सगळं संपल्यावर." राधाकृष्णने दारातल्या मरियाबाईंकडे पाहिलं. "ती म्हणाली, त्या आईला सांगा, तुमच्या मुलानं फार प्रयत्न केला. मी तेवढंच सांगायला आलोय."

मरियाबाईंनी पातेलं खाली ठेवलं.

---

लिडिया आत गेली आणि एक लांबट धातूची पेटी घेऊन आली. मास्तरांचं ब्लडप्रेशर मोजायला तिने दवाखान्यातलं जुनं यंत्र घरी आणून ठेवलं होतं. तिने पेटी टेबलावर उघडली, पाऱ्याची काच उभी केली आणि स्टेथॉस्कोप गळ्यात टाकला.

"कार्डिओग्राम काढायला मी कधीही तयार आहे, मावशी," ती कडूबाईंना म्हणाली. गिदोनचा जीव भांड्यात पडला. "पण पुणं लांब आहे. हे यंत्र इथंच आहे. तुमचा दाब मोजू?"

"माजा? माजा कशाला?"

"डोळा भरायच्या आधी खुंट बघतात ना, मावशी? आम्ही मोसंबीवाले. दुसरं काय येतं आम्हाला?"

भिमाजीने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. कडूबाईंनी थोमाजींकडे पाहिलं. थोमाजींनी छताकडे पाहिलं. नको म्हणावं तर काहीतरी लपवल्यासारखं दिसणार, आणि कडूबाई नगरहून लपवाछपवी शोधायला आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला.

लिडियाने पट्टा गुंडाळला, फुगा दाबला आणि पारा वर चढू लागला. पारा जिथे थांबला तिथे लिडियाच्या कपाळाला आठी पडली. तिने हवा सोडली, पुन्हा भरली, पुन्हा ऐकलं.

"दोनशे दहा," ती म्हणाली. आवाजात खोच नव्हती. ती आता नर्स होती. "मावशी, डोकं दुखतं का? पहाटे?"

"यंत्र बिघाडलंय," कडूबाई म्हणाल्या.

राधाकृष्णने पुढे होऊन स्वतः मोजलं. "यंत्र चांगलं आहे," तो म्हणाला. "उद्याच्या उद्या औषध सुरू करा. आणि मीठ सोडा."

"लोनचं?"

"लोणचं तर आधी."

कडूबाईंचा चेहरा पडला. एवढी मोठी बाई एकदम लहान दिसायला लागली. लिडियाने त्यांचा हात आपल्या हातात धरून ठेवला आणि रोज काय खायचं, काय नाही, ते हळू आवाजात सांगितलं. कडूबाई ऐकत राहिल्या. कुणी इतक्या मायेने आपल्याशी बोललं त्याला किती दिवस झाले, हे त्यांना आठवेना.

पण आपल्याकडे कुठलंही यंत्र एकदा उघडलं की बाकीच्यांना राहवत नाही. रतनबाईंनी बांगड्या मागे सारल्या. "माजाबी बघ गं." भिमाजी बंडीची बाही वर करून रांगेत उभा राहिला. थोमाजी म्हणाले, "आता आहेच तर," आणि त्यांनी कोट काढला. ओहोळ आणि भिंगारदिवे, डोळा आणि खुंट, सगळे एका बाकावर दंड उघडे टाकून बसले. ज्याचा दाब कमी निघाला तो जास्त निघालेल्याकडे दयेने बघू लागला. गिदोनचा फारच निघाला. "ते जबाबदारीमुळं," तो म्हणाला.

शेवटी अमोस उरला. तो समोर येऊन बसला आणि त्याने हात पुढे केला. लिडियाने पट्टा त्याच्या दंडाला लावलाच नाही.

"अमोस," ती म्हणाली, "तुम्ही काय म्हणता?"

"कशाबद्दल?"

"कार्डिओग्रामबद्दल."

अमोसची बोटं गुडघ्यावर हलत होती, हार्मोनियमच्या पट्ट्यांवर हलावीत तशी. त्याने आईकडे पाहिलं. आई आपल्याच दाबात बुडाली होती, तिच्याकडून काहीच मदत नव्हती. कुणी त्याला अडवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं वाक्य बोलायची संधी आली होती आणि लिडिया पट्टा हातात धरून त्याची वाट बघत होती.

"मला तसं काही नाही," तो म्हणाला. "पण एकदा काढला म्हणजे सगळ्यांचंच समाधान."

लिडिया पट्ट्याची घडी घालायला लागली. घडी नीट बसेना. तिने पुन्हा उलगडून पुन्हा घातली.

"मग नको," ती म्हणाली.

"कार्डिओग्राम नको?" गिदोनने विचारलं.

"लग्न नको, काका."

"खुळी का काय तू? एवढ्याशा कागदापायी..."

"माझं हृदय चांगलं आहे. दादाचंही होतं." तिने घडी केलेला पट्टा पेटीत ठेवला. "तिथला दाब त्यांनी आधी मोजला होता, काका. जास्त आहे हे दिसत होतं. निभेल म्हणाले आणि घाईनं दिलं. आणि आता सगळे म्हणतात, काळीज कमी पडलं. मला तसं नाही मरायचं."

गिदोन उठून उभा राहिला. "हे असं चालायचं न्हाई. मी घरातला करता मानूस..."

"नाही," यशया मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. हातात छडी नव्हती. एका हातात राधाकृष्णने आणून दिलेलं दानीचं घड्याळ होतं, ते त्यांनी मघापासून मुठीत धरलं होतं.

"बस खाली, गिदोन," ते म्हणाले. "एकदा मी कुणाला न विचारता 'द्या' म्हणालो. दोनदा म्हणालो. आता ती नाही म्हणते तर नाही."

गिदोन बसला. त्यालाच त्याचं आश्चर्य वाटलं.

---

भिंगारदिवे गेले. जाताना थोमाजींनी सगळ्यांना सलाम केला, कडूबाईंनी औषधाची चिठ्ठी दोनदा वाचून घेतली आणि लिडियाच्या गालावरून हात फिरवून त्या टांग्यात चढल्या. अमोस मागे बसला होता. टांगा वळेपर्यंत तो घराकडे पाहत राहिला. उतरला मात्र नाही.

लिडिया पेटीपाशी तशीच बसून होती. रडणार नाही असं तिने ठरवलं होतं आणि ते तिला साधत नव्हतं.

तिच्यामागे पडवीत पुन्हा सुरू झालं होतं. आता नगरला काय सांगायचं यावर गिदोन आणि रतनबाईंची जुंपली. रतनबाईंचं म्हणणं, आपण नकार दिला असं सांगू. गिदोनचं म्हणणं, त्यांच्याच घराण्यात दाबाचा रोग आहे असं सांगू, तसा एक ठरावही करू. भिमाजी म्हणाला, दोन्ही सांगू. राधाकृष्ण बिचारा शिऱ्याची बशी हातात घेऊन बसला होता, कारण तीन माणसांनी त्याला तीनदा वाढला होता.

मरियाबाई येऊन लिडियाच्या शेजारी टेकल्या. त्यांनी मुलीचे डोळे पदराने पुसले. मग तिच्या गळ्यातल्या स्टेथॉस्कोपला बोट लावलं.

"ही नळी दे," त्या म्हणाल्या. "कशी घालत्यात?"

लिडियाने ती आईच्या कानांत नीट बसवली आणि दुसरं टोक आपल्या छातीवर, डावीकडे, धरलं. मरियाबाई ऐकू लागल्या. आधी काही कळलं नाही, मग मान किंचित वाकडी झाली, मग त्यांचे ओठ हलायला लागले, जणू बरोबरीने मोजत होत्या.

"एकाच पोटची तुमी," त्या म्हणाल्या. "त्याचं असंच वाजत असंल?"

"असंच, आई."

पडवीत गिदोनचा आवाज चढला होता. मरियाबाईंनी मागे न बघता एक हात वर केला.

"गप ऱ्हावा समदे," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येईना."